गांजा आणि सुटलेला ब्रेक: भावाबद्दल विचारायचंय, जाणकारांनी प्लीज लिहा

सातारकर_सई

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत आठ दिवस गेले, आज लिहितेच. लांब होणार आहे पण वाचा प्लीज.

माझा लहान भाऊ २३ वर्षांचा आहे. बारावीत असताना मित्रांच्या नादाने गांजा सुरू झाला, म्हणजे सतरा वर्षांचा असेल, तेव्हा घरात कुणालाच पत्ता नव्हता. आता नोकरीला लागलाय आणि गेले सात महिने पुण्यात माझ्याकडेच राहतो त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर आहे. रोज संध्याकाळी एक जॉइंट, शनिवार-रविवारी किती ते मी मोजत नाही.

ओढण्याचा त्रास आहेच पण त्याहून जास्त वेगळ्याच गोष्टीचा होतो. हा मुलगा असा नव्हता हो. विचार करून बोलणारा, पैसे जपून वापरणारा, दहावीच्या बक्षिसाचे पैसे आईच्या हातात ठेवलेला मुलगा. आता रात्री साडेबाराला जेवण मागवतो आणि ते येईपर्यंत दुसरीकडून अजून एक मागवतो. एक फोन धड चालू असताना दुसरा हप्त्यावर घेतला, आणि तासाभरात स्वतःच डोकं धरून बसला की मी हे का केलं. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. परवा आई फोनवर काहीतरी साधंच म्हणाली तर तिला असं बोलला की ते मी इथे लिहू शकत नाही, आणि दहा मिनिटांनी बाथरूममध्ये जाऊन रडत होता. म्हणजे कळतं त्याला. पण कळतं ते नंतर.

आणि "उद्यापासून बंद" हे तो खोटं म्हणत नाही, मनापासून म्हणतो, मला त्याच्या डोळ्यांत दिसतं. संध्याकाळी सातला मात्र चप्पल घालून बाहेर.

तर मला विचारायचंय की हे गांजामुळे होतं का, की हा स्वभाव आधीपासूनच आत होता आणि आता बाहेर आला? मेंदूत नक्की काय होतं? तो म्हणतो वनस्पती आहे, शंकराचा प्रसाद आहे, दारूपेक्षा शंभरपट बरं. आणि आता ऑनलाइन सीबीडीचं (गांजाच्याच झाडातलं एक संयुग) तेल मागवलंय, म्हणतो याने बॅलन्स होतं. आई-बाबांना सांगू का हाही प्रश्न आहेच. रागावून झालंय, रडून झालंय, अबोला धरून झालाय. आता मला आधी समजून घ्यायचंय.

देशमुख_वाई

ताई, सरळ गावी घेऊन जा, शेतावर कामाला लावा, महिनाभरात सुटेल. मनाचा निश्चय लागतो फक्त. आमच्या भावकीतल्या एकाचं असंच सुटलं.

रानवारा

मला एक कळलं नाही. गांजा ओढल्यावर माणूस थंड पडतो ना? हॉस्टेलला आमच्याकडे जे ओढायचे ते कोपऱ्यात हसत नाहीतर झोपलेले असायचे. मग हा उतावळेपणा, चिडचिड कुठून? दारूचं समजू शकतो.

औषधीमास्तर

सईताई, मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवतो. बावीस वर्षं झाली शिकवतोय आणि दरवर्षी एक-दोन मुलं वर्गानंतर थांबून हाच प्रश्न विचारतात, बहुतेकदा "माझ्या मित्राबद्दल" म्हणून. त्यामुळे जरा निवांत लिहितो.

गांजात शंभरावर कॅनाबिनॉइड संयुगं असतात पण नशा आणते ती मुख्यतः टीएचसी. इस्रायलमध्ये मेशुलाम आणि गाओनी यांनी १९६४ मध्ये ती शुद्ध रूपात वेगळी केली. ती मेंदूत नेमकी कुठे चिकटते हे कळायला १९८८ उजाडलं, तेव्हा सीबी-वन हा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची ती चिकटायची जागा, सापडला. मग साहजिक प्रश्न आला की निसर्गाने आपल्या डोक्यात गांजासाठी कुलूप कशाला बसवलं असेल? तर ते गांजासाठी नव्हतंच. १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत आपल्या शरीरात तयार होणारी त्या कुलपाची चावी सापडली आणि तिचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृतातल्या आनंद शब्दावरून. मला हे वर्गात सांगताना अजूनही बरं वाटतं.

आता ही आपली घरची चावी काय करते बघा. साधारणपणे मेंदूत निरोप एका दिशेने जातो, मागची पेशी पुढच्या पेशीला सांगते. आनंदामाइड आणि त्याचं भावंड टू-एजी उलट्या दिशेने जातात. पुढची पेशी मागच्या पेशीला कळवते की बास, पोचलं, आता हळू. म्हणजे ही मेंदूची स्वतःची "पुरे" म्हणायची सोय आहे. आणि ती जिथे गरज आहे तिथेच, तेवढ्याच क्षणापुरती तयार होते आणि लगेच मोडून टाकली जाते. वाड्यात प्रत्येक खोलीचा दिवा ज्याच्या त्याच्या बटणावर असतो तसं. टीएचसी येते ती सगळ्या खोल्यांत एकदम शिरते, काही तास बसते, कुठला दिवा हवा होता नि कुठला नको याच्याशी तिला कर्तव्य नाही. कपाळामागचा जो भाग आपल्याला "थांब, विचार कर" म्हणतो तिथे हे रिसेप्टर भरपूर, आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये भरपूर, हालचाल आणि सवयी सांभाळणाऱ्या आतल्या गाठींमध्ये तर फारच. श्वास चालवणाऱ्या केंद्रात मात्र अगदी कमी, म्हणून अफूजन्य औषधांसारखा जास्त डोसने श्वास बंद पडत नाही. "गांजाने कुणी मरत नाही" हे जे पोरं म्हणतात त्याचं मूळ इथे आहे. पण श्वास चालू राहणं म्हणजे बाकी सगळं ठीक राहणं असं थोडंच आहे.

रानवारा, तुमचा प्रश्न फार चांगला आहे. थंड पडणं वेगळं आणि ब्रेक लागणं वेगळं. गाडी हळू चालली असली तरी ब्रेक निकामी असू शकतात ना.

आवेग आवरण्याचे प्रकार असतात. एक म्हणजे मुळात सुरुवातच न करणं. दुसरा म्हणजे सुरू झालेली कृती मधेच थांबवणं. क्रिकेट खेळला असाल तर, चेंडू मारला, तुम्ही रनसाठी तीन पावलं पुढे आलात आणि समोरून ओरडला "नको!" तिथून मागे फिरायला जे लागतं ते हे. प्रयोगशाळेत याची परीक्षा असते, पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं पण मधेच आवाज आला तर दाबता दाबता थांबायचं. २००३ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी निरोगी माणसांना टीएचसीच्या गोळ्या देऊन हे मोजलं. थांबायला लागणारा वेळ वाढला. गंमत अशी की त्याच लोकांना "आज थोडे पैसे की नंतर जास्त" असं विचारल्यावर मात्र उत्तरात फरक पडला नाही, आणि सुरुवातच न करण्याच्या चाचणीतही नाही. म्हणजे विचारशक्ती सगळीच जाते असं नाही, चालू झालेली गोष्ट परत खेचायची ताकद ढिली पडते. सईताई, तुम्ही लिहिलंय "कळतं ते नंतर", ते मी दोनदा वाचलं. या विषयावर पाठ्यपुस्तकात यापेक्षा नेमकं वाक्य मला आठवत नाही.

हे झालं नशेत असतानाचं. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत आणखी एक होतं. सतत कुलूप फिरवलं जातंय म्हटल्यावर मेंदू रिसेप्टरच कमी करतो, रोज ओढणाऱ्यांच्या स्कॅनमध्ये हे दिसलंय. मग नशा नसताना घरचं आनंदामाइड अपुरं पडायला लागतं. म्हणून चिडचिड, अस्वस्थता, झोप नाही, जेवण नको. ताई, एक करा, भाऊ कुठल्या वेळी भडकतो ते बघून ठेवा. ओढल्यानंतर की ओढण्याआधी? माझा अंदाज आहे की फोन आणि जेवणाच्या ऑर्डरी नंतरच्या असतील आणि आईवर ओरडणं आधीचं.

दिलासा देणारी गोष्ट पण सांगतो, याच स्कॅनमध्ये दिसलं की बंद केल्यावर दोन दिवसांतच रिसेप्टर परतायला लागतात आणि साधारण चार आठवड्यांत जवळजवळ पूर्ववत होतात.

स्वभाव की गांजा, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर दोन्ही बाजूंनी वाट आहे. मुळात उतावीळ असलेली मुलं लवकर गांजाकडे जातात हेही खरंच. न्यूझीलंडमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांना जन्मापासून पुढे अनेक वर्षं तपासत गेले, त्यात किशोरवयात सुरू करून पुढे वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी आठ गुणांपर्यंत घसरलेला दिसला, ते २०१२ साली छापून आलं. पण मग जुळ्या भावंडांवर अभ्यास झाले, त्यात ओढणारा आणि न ओढणारा यांच्यात तसा फरक सापडला नाही, म्हणजे घरची परिस्थिती, संगत हे पण धरायला हवं. तरी एक नक्की, तो कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो आणि तुमच्या भावाने सतराव्या वर्षापासून त्यात हात घातलाय. पण तुम्ही त्याला लहानपणापासून पाहिलंय, तो आधी असा नव्हता म्हणताय, तर मी तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवेन.

सीबीडीबद्दल. हे त्याच झाडातलं दुसरं संयुग, नशा आणत नाही, सीबी-वनला नीट चिकटतही नाही. शुद्ध सीबीडीला २०१८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या दोन गंभीर प्रकारच्या फिट्ससाठी मान्यता मिळाली, ते खरं औषध आहे. गांजा सोडण्यासाठीही लंडनमध्ये एक चाचणी झाली, २०२० मध्ये छापून आली, त्यात रोज ४०० आणि ८०० मिलिग्रॅमने थोडा उपयोग दिसला. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, समुपदेशनासोबत. बाटलीतल्या चार थेंबांची त्याच्याशी तुलना करू नका. आणि आपल्याकडे "विजया" (आयुर्वेदातलं याच झाडाचं नाव) म्हणून जे अर्क मिळतात त्यातल्या कित्येकांत टीएचसीही असते, लेबल वाचा. संध्याकाळी टीएचसी ओढायची आणि सकाळी सीबीडीने ती पुसायची असं होत नाही.

देशमुखसाहेब, निश्चयाबद्दल एकच म्हणतो. निश्चय ज्या भागातून येतो नेमका तोच भाग इथे दुखावलाय. पाय मोडलेल्याला चालून दाखव म्हणण्यासारखं आहे ते. गावी नेण्यात अर्थ आहे, पण तो जागा बदलल्यामुळे, निश्चयामुळे नाही.

पूर्वीचा_मी

सई, मी सहा वर्षं रोज ओढला आणि सोडून तीन वर्षं होतील दिवाळीला. मास्तरांनी लिहिलंय ते आतून कसं वाटतं ते सांगतो.

सकाळी उठल्यावर मी जगातला सगळ्यात ठाम माणूस असायचो. आज नाही म्हणजे नाही. दुपारपर्यंत ठीक. साडेपाचला पहिला विचार यायचा, तो पण असा नाही की ओढूया, तो असा की "आज दिवस फार वाईट गेला ना". मग "शेवटचा". मग पाय चालायला लागायचे आणि मला खरंच आठवतं की मी स्वतःला चालताना बघतोय आणि थांबवता येत नाहीये. क्रिकेटचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला, अगदी तसंच, "नको" ऐकू येतं पण पाय पुढेच.

सोडल्यावर तिसऱ्या दिवसापासून सातव्या-आठव्यापर्यंत नरक होता. रात्री घामाने उशी भिजायची, भाताचा वास आला तरी मळमळ, आणि राग, राग म्हणजे बायकोने पंखा एक नंबरने कमी केला म्हणून मी ताट सरकवलं होतं. मी तेव्हा समजलो की हाच माझा खरा स्वभाव, गांजानेच मला माणूस ठेवलं होतं. इथेच बहुतेक जण परत ओढतात. तो स्वभाव नसतो. दोन आठवड्यांनी तो राग जसा आला तसा गेला. त्याला हे आधीच सांगून ठेवा, तारीख घालून कॅलेंडरवर लिहून ठेवा पाहिजे तर. स्वप्नं पण येतील, फार रंगीत आणि भीतीदायक, कारण इतकी वर्षं गांजाने स्वप्नांची झोप दाबलेली असते ती परत उसळते.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. तो जॉइंटमध्ये सिगरेटची तंबाखू मिसळतो का विचारा. आपल्याकडे जवळजवळ सगळे मिसळतात. मग त्याला दोन व्यसनं आहेत आणि त्याला एकच माहितीये. मी आधी दोनदा सोडायचा प्रयत्न केला आणि दोन्हीदा फसला, त्यात निकोटिनचा वाटा मोठा होता, तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी निकोटिनच्या चकत्या दिल्या तेव्हा जमलं.

बाकी मी निश्चयावर काहीच ठेवलं नाही. माल देणाऱ्याचा नंबर बायकोला उडवायला दिला. ऑफिसवरून येताना ती टपरी लागायची तर दोन किलोमीटर लांबून यायला लागलो. मोबाइलवरून पैसे पाठवायची मर्यादा दिवसाला पाचशे केली. पाच ते आठ हे तीन तास एकटा राहायचं नाही, मी तालमीत जायला लागलो, व्यायाम कमी आणि बसून गप्पा जास्त, पण वेळ जायचा. ब्रेक नसेल तर रस्त्यात गतिरोधक घालावे लागतात.

मंदाकाकू

सगळं वाचलं. एक वेगळं लिहू का? माझ्या माहेरी महाशिवरात्रीला भांग व्हायची, आजोबा, काका सगळे घ्यायचे, मठात बैरागी आले की चिलीम पेटायची, छापी (चिलमीला लावायचं फडकं) ओली करून गुंडाळायची ती आम्ही पोरं बघत बसायचो. त्यातला कुणी वाया गेलेला मी पाहिला नाही. इंग्रजांनी पण १८९३-९४ मध्ये आयोग नेमून हिंदुस्थानभर चौकशी केली होती ना, त्यांनीही बेताने घेतली तर फारसं नुकसान नाही असंच लिहिलं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही भांगेचं पान वगळलेलंच आहे. म्हणून मुलाला गुन्हेगार ठरवू नका एवढंच.

औषधीमास्तर

काकू, गुन्हेगार ठरवू नका हे शंभर टक्के मान्य. आयोगाचं म्हणणंही तुम्ही बरोबर सांगितलंत, पण त्याच अहवालात अतिसेवन घातक असंही आहे. आणि तुमचे आजोबा वर्षातून एकदा घेत होते, वय किती असेल, पन्नास? इथे सतराव्या वर्षापासून रोज. मालही बदललाय. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजातली टीएचसी १९९५ मध्ये सरासरी ४ टक्के होती, २०१४ मध्ये १२ टक्के.

भांगेचा विषय निघालाच आहे तर, पोटातून घेतलेली टीएचसी यकृतात बदलून आणखी तीव्र संयुग बनते आणि चढायला तास-दोन तास लागतात. लोकांना वाटतं काहीच होत नाहीये म्हणून दुसरा ग्लास घेतात, आणि मग रात्री दवाखान्यात.

कोयनाकाठ

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. सईताई, आधी एक विचारते आणि ते महत्त्वाचं आहे. भावाला कधी असं वाटतं का की लोक आपल्याबद्दलच बोलतायत, कोणी पाळत ठेवतंय, आवाज येतात? घरात आजी, मामा, काका कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार होता का? २०१९ मध्ये युरोपातल्या बऱ्याच शहरांमधल्या रुग्णांचा मोठा अभ्यास आला, त्यात रोज जास्त टीएचसीचा माल ओढणाऱ्यांमध्ये मनोविकृतीचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसला. यातलं काहीही असेल तर थांबू नका, त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

तसं नसेल तर घाई नको. तो चढलेला असताना एक शब्द बोलू नका, आणि संध्याकाळी पाच ते सातही नको. रविवारी सकाळी, चहा झाल्यावर. तुमचं दुःख सांगण्यापेक्षा त्यालाच विचारा की फोन घेतल्यावर तुला काय वाटलं होतं. त्याच्या तोंडून आलेलं कारण टिकतं, आपण दिलेलं टिकत नाही. गांजाची सवय सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी अजून नाही, झोपेसाठी वगैरे डॉक्टर मदत करतात, पण मुख्य उपचार बोलण्याचाच आहे आणि त्याचा उपयोग होतो.

बऱ्याच घरांना पोलिसांची भीती असते. काकूंनी सांगितलेल्या त्याच १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमानुसार सेवन करणारा माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत एवढी अट. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६ ही मानसिक आरोग्याची, दोन्हीवर कुटुंबातल्या माणसालाही बोलता येतं. तुम्ही पुण्यातच आहात तर मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून, अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पुलंनी सुरुवातीला मदत केली होती. तिथे फक्त दारूवाले जातात असा समज आहे, तसं नाहीये.

आई-बाबांना सांगायचं, पण त्याला सांगून सांगायचं. पाठीमागे नाही. त्याने स्वतः सांगितलं आणि तुम्ही शेजारी बसलात तर सगळ्यात चांगलं.

सातारकर_सई

सगळ्यांना काय म्हणू कळत नाहीये. दहा दिवसांनी लिहितेय.

मास्तर, मी वहीत वेळा लिहून ठेवल्या. तुमचा अंदाज बरोबर निघाला. ऑर्डरी आणि खरेदी सगळी रात्री नऊनंतर. चिडणं सगळं सकाळी आणि दुपारी चार ते सहा. आईचा फोन रोज साडेपाचला येतो. इतके महिने मी समजत होते की त्याला आईचाच राग आहे. आता आई सकाळी नऊला करते फोन, कारण नाही सांगितलं तिला अजून.

कोयनाताई, आवाज, संशय असं काही नाही, घराण्यातही कुणाला नाही, मी मामाला आडून विचारून घेतलं.

रविवारी सकाळी त्याच्यासमोर वही ठेवली. आधी भडकला की तू माझ्यावर पाळत ठेवतेस. मग स्वतःच उघडून बसला आणि बराच वेळ बघत राहिला. मी त्याला पूर्वीचा_मी यांचं उत्तर वाचायला दिलं. "स्वतःला चालताना बघतोय" इथे थांबला आणि म्हणाला, हे कोणी लिहिलंय? मग म्हणाला तंबाखूचं खरंय का गं, मी तर सिगरेट ओढतच नाही असं सगळ्यांना सांगतो.

सोमवारी साडेअकराची वेळ मिळालीय. तो म्हणाला तू बाहेर बस, आत मी एकटा जाईन. मी सुट्टी टाकलीय.